यू नसलेला क्यू: स्क्रॅबलसाठी शब्दकार्ड करतानाच्या नोंदी

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी स्क्रॅबल चालतं, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल बोर्डावर लावून शब्द करायचा खेळ. शाळकरी पोरांपासून निवृत्त काकांपर्यंत सगळे असतात. त्यांच्यासाठी एक कार्ड केलं, त्याच्या या नोंदी. दुसऱ्या कुणाला आपल्या गटासाठी असंच काही करायचं असेल तर माझा गेलेला वेळ आणि पैसा त्यांचा तरी वाचेल. स्पेलिंगं सुट्या अक्षरांनी लिहिली आहेत. खेळतानाही आम्ही शब्द तसाच मोठ्याने सांगतो, नाहीतर उच्चारावरूनच वाद सुरू होतो.

१ जून, रविवार

आज पुन्हा क्यूवर डाव अडला. इंग्रजीत क्यूनंतर बहुधा यूच येतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली आमची एक ताई शेवटपर्यंत यूची वाट बघत बसली. यू आला नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या टाइल आधी संपल्या आणि हिच्या हातात क्यू राहिला. तिचे दहा कापले गेले, तेच दहा काकांना मिळाले. फरक वीसचा, आणि डाव त्याहून कमी फरकाने गेला.

घरी येऊन हिशेब केला. खेळात टाइल १००. क्यू एकच, त्याचे १० गुण. यू चार, कोऱ्या दोन. सुरुवातीच्या सात टाइलमध्ये क्यू आला, तर बाकीच्या सहांत एकही यू नसण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के निघते. कोरी टाइल यू म्हणून वापरायची तयारी ठेवली तरी सुमारे ६८ टक्के वेळा हात रिकामाच. म्हणजे यूशिवायचा क्यू हाच नेहमीचा प्रकार, आणि आपण सगळे अपवादाची वाट बघत बसतो.

ठरवलं: एक कार्ड करायचं. पुढच्या बाजूला क्यूनंतर यू न येणारे शब्द, अर्थ मराठीत. मागच्या बाजूला दोन अक्षरी शब्द, कारण क्यूचा छोटा शब्द दुसऱ्या शब्दाला चिकटून लावायचा तर ते लागतातच.

३ जून

इंटरनेटवरून शब्दांची मोठी यादी उतरवून स्प्रेडशीटमध्ये टाकली. चाळणी अशी लावली: शब्दात क्यू असावा आणि त्याच्या पुढचं अक्षर यू सोडून काहीही असावं. यादी आली, छान दिसत होती.

रात्री सहज वाचताना टी-ए-एल-ए-क्यू-एस दिसला. तलाकचं अनेकवचन आहे, पण एकवचनच नाही! कारण सोपं होतं. टी-ए-एल-ए-क्यू मध्ये क्यू शेवटी आहे, त्याच्या पुढे अक्षरच नाही, त्यामुळे 'पुढचं अक्षर' मागणाऱ्या चाळणीने तो फेकला. त्याच्यासोबत टी-आर-ए-एन-क्यू, एस-यू-क्यू, सी-आय-एन-क्यू हेही गेले होते. खेळात शेवटी क्यू असलेले शब्द फार कामाचे, कारण बोर्डावरच्या तयार अक्षरांच्या टोकाला क्यू नेऊन ठेवता येतो.

चाळणी उलटी केली: क्यू असलेले सगळे घ्या, त्यातून क्यू-यू ही जोडी असलेले काढा. मग सगळे आले. असं काम करणाऱ्याने ही दुसरी पद्धतच आधी वापरावी.

८ जून, रविवार

कच्ची प्रिंट हॉलमध्ये नेली. पहिल्या पाच मिनिटांत काकांनी विचारलं, "इन्किलाब आहे का रे यात?" नव्हता. मी म्हटलं, नसेल. काकांनी कपाटातली कॉलिन्सच्या स्क्रॅबल शब्दकोशाची जुनी प्रत काढली आणि बोट ठेवून दाखवला: आय-एन-क्यू-आय-एल-ए-बी. सात अक्षरं, म्हणजे सगळ्या टाइल एकदम लावल्याचे वर ५० गुण. हसरत मोहानींनी १९२१ मध्ये दिलेली घोषणा मी यादीतून गाळली म्हणून पुढचा अर्धा तास ऐकून घेतलं.

मग झेड-ओ वरून वाजलं. हिमालयातलं याक आणि गायीच्या संकराचं जनावर. एका काकूंनी तो लावला, माझ्या कागदाच्या मागच्या बाजूला तो नव्हता म्हणून पोरांनी चॅलेंज केलं, काकूंची चाल गेली. नंतर पुस्तकात शब्द सापडला. काकू काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या डावात माझ्याविरुद्ध त्यांनी एकही सोपी जागा उघडी सोडली नाही.

भानगड ही की मी उतरवलेली यादी अमेरिका-कॅनडाची होती. या खेळाचे हक्क तिथे हॅस्ब्रो कंपनीकडे आणि बाकी जगात मॅटेल कंपनीकडे आहेत, आणि शब्दांचे कोशही वेगळे. आपल्याकडे कॉलिन्स चालतो. नुसते दोन अक्षरी शब्द घेतले तरी २०१९ च्या कॉलिन्समध्ये १२७ आहेत आणि अमेरिकी यादीच्या २०१८ च्या आवृत्तीत १०७. अमेरिकी यादीतला जवळपास प्रत्येक शब्द कॉलिन्सला चालतो, उलट मात्र नाही. त्यामुळे माझ्या कागदावर चुकीचे शब्द नव्हते, बरोबर शब्द गायब होते. हा दोष पटकन दिसत नाही, म्हणून जास्त त्रासदायक.

११ जून

सगळं पुन्हा. या वेळी कॉलिन्सच्या शब्दतपासणीच्या पानावर एकेक शब्द टाकून बघितला. कंटाळवाणं काम, पण पर्याय नाही. कुणीतरी ब्लॉगवर टाकलेल्या 'संपूर्ण' याद्यांवर भरवसा ठेवू नये. त्या कुठल्या कोशावरून केल्या हे क्वचितच लिहिलेलं असतं.

कपाटातली प्रतही जुनी निघाली, २०१४ ची. तिच्यात ओ-के नाही, तो २०१९ मध्ये आला. २०२१ मध्ये मॅटेलने अपमानकारक ठरवलेले सुमारे ४०० शब्द काढून टाकले, तेही जुन्या पुस्तकात तसेच आहेत. आता २०२४ ची आवृत्ती आहे. गटाने एकदाच काय ते ठरवावं: कार्ड मोठं की पुस्तक मोठं. आम्ही ठरवलं, वाद झाला तर फोनवर तपासायचं आणि तो निकाल शेवटचा.

१४ जून

अर्थ लिहायला बसलो. या कामाला एक संध्याकाळ धरली होती, ती फारच कमी पडली.

आधी प्रश्न हा की अर्थ हवेत कशाला. ताईचं म्हणणं, नायजेल रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलची जगज्जेतेपदाची स्पर्धा जिंकली, नुसते शब्द पाठ करून. बरोबर आहे. पण रिचर्ड्स हे रिचर्ड्स आहेत. आमच्या हॉलमध्ये लोक चहाबरोबर खेळतात, आणि अर्थ नसलेला शब्द त्यांच्या डोक्यात पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाही. शिवाय 'असा शब्दच नाही' या आरडाओरड्याला अर्थ हेच एक उत्तर असतं.

इंग्रजी कोशातल्या व्याख्यांचं भाषांतर करून बघितलं. क्यू-ए-आय-डी: 'उत्तर आफ्रिकेतील मुस्लिम टोळीचा किंवा जिल्ह्याचा प्रमुख.' वाचून कुणाला काही आठवणार नाही. त्याऐवजी लिहिलं: 'टोळीप्रमुख. कायदेआझम मधला कायद.' जिना आठवले की स्पेलिंग आठवतं. मग हीच रीत सगळीकडे लावली. शब्द मराठीतून ओळखीचा असेल तर व्याख्या लिहायचीच नाही, ओळख द्यायची.

अशा ओळखीच्या शब्दांची संख्या बघून मीच चकित झालो. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी. एफ-ए-क्यू-आय-आर फकीर. बी-यू-आर-क्यू-ए बुरखा, एन-आय-क्यू-ए-बी नकाब. डब्ल्यू-ए-क्यू-एफ वक्फ. क्यू-ओ-आर-एम-ए कोर्मा. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल कव्वाल, शेवटी आय लावला की कव्वाली. क्यू-ए-एल-ए-एम-डी-ए-एन कलमदान. आणि सगळ्यांत आवडलेला, एम-यू-क्यू-ए-डी-डी-ए-एम: मुकादम! रस्त्याच्या कामावरचा मुकादम इंग्रजी स्क्रॅबलमध्ये चालतो. आठ अक्षरी असल्याने बोर्डावरचं एखादं अक्षर धरूनच लावावा लागेल, आणि आयुष्यात कधी जमेल असं वाटत नाही, पण कार्डावर ठेवला.

बाकीच्यांना थोडे कष्ट पडले:

क्यू-आय: चिनी विचारातली प्राणशक्ती. अमेरिकी यादीत हा २००६ मध्ये आला. क्यूचा एकमेव दोन अक्षरी शब्द.

क्यू-ए-टी: येमेन, इथिओपिया, सोमालियात गालात धरून चघळतात तो पाला. थोडी तरतरी आणतो.

क्यू-ए-एन-ए-टी: इराणात डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालून उताराने गावात आणणारा बोगदा. इथे माझं अर्ध्या तासाचं विषयांतर झालं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरने सतराव्या शतकात केलेली नहर-ए-अंबरी याच जातीची. कार्डावर फक्त 'नहर-ए-अंबरीसारखा बोगदा' एवढंच बसलं.

क्यू-ओ-पी-एच: हिब्रू वर्णमालेतलं एकोणिसावं अक्षर.

एस-यू-क्यू: अरबी बाजार. यात यू आहे, पण क्यूच्या आधी. रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल ठेवायच्या पट्टीवर, यू आणि क्यू दोन्ही असले की माणूस ते जोडूनच बघतो, त्यामुळे हा शब्द दिसत नाही. कार्डावर त्याला चौकट केली.

सी-आय-एन-क्यू: फाशावरचे पाच. टी-आर-ए-एन-क्यू: गुंगीच्या औषधाचं लघुरूप. क्यू-आय-बी-एल-ए: नमाजाची दिशा, मक्केकडची. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय: कीबोर्डच्या वरच्या ओळीची पहिली सहा अक्षरं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि खेळताना कुणालाच सुचत नाही.

पैशांचा एक गठ्ठाच आहे. अल्बेनियाचा क्यू-आय-एन-डी-ए-आर (डीऐवजी टी सुद्धा चालतो), अझरबैजानचा क्यू-ए-पी-आय-के, येमेनचा बी-यू-क्यू-एस-एच-ए, इस्रायलचा एस-एच-ई-क्यू-ई-एल. या सगळ्यांना 'अमुक देशाचं नाणं' एवढाच अर्थ दिला. त्याहून जास्त कुणाला नको असतो.

१५ जून, रविवार

अर्थांची कच्ची प्रत हॉलमध्ये फिरवली. ओळखीचे शब्द लोकांनी दोन वाचनांत उचलले. पण त्यातूनच नवा घोटाळा झाला. काझी, फकीर, कव्वाल क्यूने लिहितात म्हटल्यावर लोकांनी उर्दू-फारसीतून आलेला प्रत्येक क क्यूने लिहायला घेतला. एकाने किस्मत लावला, क्यू-आय-एस-एम-ए-टी. चालत नाही. इंग्रजीत तो के ने रूढ झाला, के-आय-एस-एम-ई-टी. मूळ भाषेत घशातला क असला तरी इंग्रजीत तो कुठल्या अक्षराने येईल हे कोण, केव्हा आणि कुठून घेऊन गेलं यावर ठरतं. आणि मराठीत आपण दोन्ही क सारखेच म्हणतो, त्यामुळे कानावर विसंबताच येत नाही.

कार्डाच्या तळाशी ठळक ओळ घातली: 'इथे नसेल तर क्यू लावू नका.' देशांची नावंही चालत नाहीत, इराक आणि कतार दोन्ही बाद. हे तर दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच.

२१ जून

मांडणी. अकारविल्हे यादी शोभेची निघाली. खेळणारा काही क्यू-ए पासून सुरू होणारे शब्द शोधत नसतो, 'माझ्याकडे क्यू, ए, डी, आय आणि तीन फालतू टाइल आहेत, काय होईल' हे शोधत असतो. लांबीनुसार मांडून बघितलं, जरा बरं, पण तरी सगळी ओळ वाचावी लागते.

मग स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून बाजूच्या रकान्यात ठेवली. क्यू-ए-आय-डी आणि क्यू-ए-डी-आय दोघांचा रकाना एकच झाला, म्हणजे तीच चार अक्षरं, दोन जागी दोन तऱ्हेने बसवता येतील. हा रकाना वर-खाली करत बसलो तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ सगळं ए आणि आय वर चालतं. कार्ड चार भागांत पडलं:

फक्त आय असेल तर: क्यू-आय, सी-आय-एन-क्यू, क्यू-आय-जी-ओ-एन-जी (चिनी श्वसन-व्यायाम).

ए आणि आय दोन्ही: कायद, काझी, फकीर, किब्ला, नकाब, अझरबैजानचं नाणं. सगळ्यांत भरलेला भाग हाच. ए आणि आय खेळात नऊ-नऊ असतात, त्यामुळे ही जोडी सारखी हाताशी येते.

ए आणि टी: क्यू-ए-टी, क्यू-ए-एन-ए-टी, टी-ए-एल-ए-क्यू, टी-आर-ए-एन-क्यू.

नुसता ए, किंवा दोन्ही नाहीत: वक्फ, कोर्मा, बुरखा, कव्वाल, मग एस-यू-क्यू, क्यू-ओ-पी-एच, कीबोर्डवाला, इस्रायलचं नाणं.

रॅककडे बघायचं, ए आहे का, आय आहे का, आणि थेट त्या भागात जायचं. ताईला न सांगता कार्ड दिलं आणि वेळ बघितला. आधी ती सगळं कार्ड वाचत होती, आता नजर सरळ जागेवर जाते.

दोन अक्षरी शब्दांची मागची बाजू कुठल्या अक्षराने शेवट होतो त्यानुसार लावली. शेजारी शब्द लावताना तेच लागतं.

२४ जून

छपाई. ए-फोर कागद, अर्धा करून दोन कार्डं, दोन्ही बाजू. पहिल्या खेपेला एकूण ४२० रुपये वाया गेले, आणि तीन वेगवेगळ्या कारणांनी.

एक, मराठीचा टाइप फार बारीक घेतला. इंग्रजी अक्षरं त्या आकारात नीट वाचता येतात, पण 'क्यू', 'ब्ल्यू' यांचे उकार आणि जोडाक्षरं काळ्या ठिपक्यात मिटतात. साठीच्या काकूंनी कार्ड हातभर लांब धरून बघितलं आणि परत केलं.

दोन, मी फाइल वर्डमध्ये दिली होती. दुकानातल्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता, त्याने दुसरा घेतला आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. पीडीएफ करून, फॉन्ट आत बांधून न्यावी. दुकानदाराने आधी एक प्रत दाखवली होती, ती मी बघितली न बघितल्यासारखी केली.

तीन, आधी लॅमिनेशन करून मग कापलं. कापलेल्या कडेला प्लास्टिक उघडं पडतं. जूनच्या पावसात हॉलची हवा ओली, पाणी कडेने आत शिरून कागद फुगला. आधी कापायचं, मग चारी बाजूंनी बोटभर नसली तरी थोडी प्लास्टिकची किनार सोडून लॅमिनेशन करायचं.

२९ जून, रविवार

दुसरी खेप. सहा कागद, दोन्ही बाजू छपाई १० रुपये आणि लॅमिनेशन ३० रुपये कागदामागे, एकूण २४० रुपये, बारा कार्डं. टाइप मोठा करायचा म्हणून काही शब्द गाळावे लागले. इनुइट लोकांच्या होड्या, फिजीचं पेय, दक्षिण आफ्रिकेचं संगीत, सगळं गेलं. वाईट वाटलं, कारण त्यांचे अर्थ लिहायला मजा आली होती.

६ जुलै, रविवार, आषाढी

निम्मे लोक उपासाचे, साबुदाण्याच्या खिचडीचे तेलकट हात आणि कोरी करकरीत कार्डं. लॅमिनेशन होतं म्हणून निभावलं.

आज कार्डाचा खरा कस लागला. ताईने तिप्पट अक्षराच्या घरात क्यू ठेवला, उजवीकडे आय, आणि खाली आधीपासून पडलेला आय. म्हणजे आडवाही क्यू-आय, उभाही क्यू-आय. क्यूचे तीस अधिक एक, दोनदा: ६२ गुण, हातातल्या दोनच टाइलमध्ये. काकांनी कागद-पेन्सिल घेऊन बेरीज पुन्हा केली. मग म्हणाले, "हे कार्ड फाडून टाक."

हे बघून लगेच कार्डावर एक छोटं चित्र वाढवायचं ठरवलं: तिप्पट अक्षराचं घर, शेजारी आणि खाली आय. ही जागा बोर्डावर दिसायला शिकणं हे शब्द पाठ करण्याइतकंच कामाचं आहे.

दुसरी गोष्ट, लोक क्यू धरून ठेवायचे थांबले, पण आता तो पहिल्याच संधीला सहा-आठ अधिक गुणांसाठी फेकू लागले. क्यू-आय माहीत झाला की आय जपावा लागतो. काकूंनी आज दोन आय एका फुटकळ शब्दात खर्च केले आणि पुढच्याच चालीला क्यू उचलला. पिशवीत सात तरी टाइल असतील तर चाल सोडून टाइल बदलता येतात, हा नियमही अनेकांना माहीत नव्हता. तोही कार्डावर जाईल.

१३ जुलै, रविवार

कुठले शब्द खरोखर लावले जातात ते गुणांच्या वहीत टिपायला लागलो. अपेक्षेप्रमाणे क्यू-आय फार पुढे, त्यामागे क्यू-ए-टी, कायद-काझीची जोडी आणि एस-यू-क्यू. नाण्यांपैकी अजून एकही बोर्डावर आलं नाही. वक्फ एकदा आला, आणि त्याच्यावरून अर्धा तास राजकारण झालं, खेळ तसाच राहिला.

पुढच्या आवृत्तीत नाणी कमी करून त्या जागी चित्र, टाइल बदलण्याचा नियम, आणि कुठल्या शब्दाला शेवटी एस लागतो त्याची खूण. क्यू-आय ला एस आणि एन दोन्ही लागतात, हे आत्ता कुठेच लिहिलेलं नाही. एन लावून होणारा क्यू-आय-एन हे चिनी तंतुवाद्य. मुकादम मात्र ठेवणार आहे. काकांनी बजावून सांगितलं आहे.